सत्त्याण्णव अंश

पाणी केव्हाचं खळाखळा उकळत होतं आणि पारा सत्त्याण्णवावरच उभा होता.

“गॅस मोठा कर,” मुलगी म्हणाली.

आईने गॅस मोठा केला. पातेल्यातून थेंब उडून ओट्यावर पडले. पारा हलला नाही. तो हलणार नाही हे आईला ठाऊक होतं. उकळत्या पाण्याला कितीही आच दिली तरी ते आणखी तापत नाही, नुसतं वाफ होऊन जातं. आणि त्यांचं शहर उंचावर होतं. इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी शंभराच्या आधीच उकळतं. हे तिने पंधरा दिवसांपूर्वी याच ओट्याशी उभं राहून मुलीला समजावलं होतं. मुलीला ते फार आवडलं होतं. पुस्तकात काहीही असो, आई म्हणाली होती, तुला जे दिसलं ते लिही.

मुलीने सत्त्याण्णव लिहिलं. वर्गात बाकी सगळ्यांनी शंभर लिहिलं होतं. विज्ञानाच्या बाईंनी तिची वही वर धरून, फारसं न रागावता, घरचा थर्मामीटर बदलायला सांगितलं आणि प्रयोग आलेखासह पुन्हा करून आणायला सांगितला. वर्ग हसला. तेव्हापासून नव्या शाळेत तिला कुणी नावाने हाक मारत नव्हतं. मधल्या सुट्टीत कुणीतरी “सत्त्याण्णव, सरक” म्हणायचं आणि ती डबा उचलून सरकायची.

हे मुलीने सांगितलं नव्हतं. शाळेच्या व्हॅनवाल्या काकांनी सांगितलं, तेही हसत हसत. तुमची सत्त्याण्णव आज अगदीच गार पडलीय हो, ते म्हणाले होते.

आई थर्मामीटर तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. दवाखान्यांतून, डेअऱ्यांतून आलेले थर्मामीटर ती दिवसभर पाण्यात बुडवायची, प्रत्येक किती चुकतो ते लिहायची आणि खाली सही करायची. घरचा थर्मामीटरही तिने स्वतः तपासला होता. तो चुकत नव्हता.

शाळेने पालकांना सांगितलेलं सगळं ती करत होती. अभ्यासाची वेळ ठरलेली, टीव्ही बंद, दप्तर आदल्या दिवशीच भरलेलं. जेवताना ती आज काय झालं म्हणून विचारायची. मुलगी काही नाही म्हणायची. मावशीने फोनवर धीर दिला होता, की शाळा बदलली की पोरं महिनाभर मुकी होतात आणि मग अशी बोलायला लागतात की कान किटतात. महिना होऊन गेला होता.

बाबा कामावरून आले. दोघींना पातेल्यात डोकं घालून उभं पाहून ते दारातच थांबले.

“अजून तेच? तीन अंशांचा तर प्रश्न आहे. भाजीवाला मापात याहून जास्त मारतो, त्याला आपण काही म्हणतो का?”

कुणी हसलं नाही. बाबा हातपाय धुवायला गेले.

“मी उद्या शाळेत येते,” आई म्हणाली. “बाईंना नीट समजावते. त्यांना पटेल.”

“नको.”

“अगं, पण बरोबर आहे आपलं.”

मुलीने हात पुढे करून गॅस बंद केला. “बाईंना पटून काय करू, आई? मधल्या सुट्टीत बाई नसतात.”

पाण्यावरचे बुडबुडे बसले. मुलगी तिच्याकडे न बघता म्हणाली, “शंभर लिहू?”

आईला वाटलं, आता आत कुठेतरी काहीतरी दुखायला हवं. तिने थोडी वाट पाहिली. काही दुखलं नाही.

“लिही,” ती म्हणाली.

मुलीने खोडरबर घेतला. एक आकडा खोडून ती थांबली. आधीच्या आकड्यांचं काय, तिने विचारलं. तेही बदलावे लागतील, आई म्हणाली, नाहीतर शेवटी एकदम उडी दिसेल. आई टेबलाशी बसली, एक कोरा कागद ओढला आणि पाणी तापत शंभरापर्यंत कसं गेलं असतं त्याचे आकडे उतरवत गेली. आकडे भराभर आले. फारच गुळगुळीत आले. प्रयोगशाळेत कुणी असे आकडे आणून दिले असते तर तिने ते परत पाठवले असते. दोन-तीन ठिकाणी तिने अर्धा अंश खालीवर केला, खरे वाटावेत म्हणून.

मुलगी ते वहीत उतरवू लागली. उतरवता उतरवता मध्येच म्हणाली, की तिसऱ्या बाकावर एक मुलगी आहे, तिचा भाऊ झोपेत पाढे म्हणतो. सतराचा चुकतो आणि तरी उठत नाही. आई हं म्हणाली. मुलगी आणखी काहीबाही सांगत राहिली, वहीतून मान वर न करता. आई ऐकत होती.

आलेखावर बिंदू मांडून झाले. शेवटची आडवी रेघ राहिली. पट्टी कागदावरून निसटत होती.

“इकडून धर,” मुलगी म्हणाली.

आईने दोन बोटांनी पट्टी दाबली.

“अशी नाही. घट्ट. हलली की वाकडी येते.”

आईने तळहात टेकवून पट्टी घट्ट धरली. मुलीने जीभ दातांत पकडली आणि शंभरावरून रेघ ओढली, कागदाच्या पार कडेपर्यंत.