पूजेला लावलेली डबी

या, अशा जवळ सरका. टाळ घडीभर मांडीवर ठेवा. कीर्तनाला अजून अवकाश आहे, तोवर एक गोष्ट सांगतो. कुरुळीची, दसऱ्याच्या सकाळची.

अर्जुनरावांचा तिथं साच्यांचा कारखाना. त्या सकाळी ऑफिसातल्या तिन्ही कॉम्प्युटरवर एकच लाल पाटी झळकत होती: तुमच्या सगळ्या फायलींना कुलूप घातलंय, किल्ली हवी तर पैसे मोजा. सणाची सुट्टी साधून कुणीतरी नेटवरून आत शिरलं होतं. अकरा वर्षांची ड्रॉइंगं त्या कुलपाआड. उद्या शिफ्ट लागली की तीस माणसं मशीनपुढे नुसती उभी राहणार.

सांगवीहून रविराज धावत आला. अशा वीसेक लहान कारखान्यांचे कॉम्प्युटर तो सांभाळायचा. आल्याआल्या त्यानं नेटची वायर उपटली आणि बॅकअपच्या डिस्क मागितल्या. कामाची नक्कल ठेवायला दोन छोट्या काळ्या डब्या त्यानंच दिल्या होत्या. एक लावायची, दुसरी काढून लांब ठेवायची, आठवड्याला अदलाबदल.

ड्रॉइंग काढणारा प्रितम मान खाली घालून म्हणाला, "सर, मी दोन्ही लावूनच ठेवायचो. एक बिघडली तर दुसरी आहे, म्हणून."

जे कॉम्प्युटरला जोडलेलं, तिथवर चोराचा हात पोचतो, हे प्रितमला ठाऊक नव्हतं, रविराजला होतं. गेल्याच महिन्यात त्यानं दोन्ही डब्या लावलेल्या पाहिल्या होत्या. घाईत होता. फोनवर सांगू म्हणाला, आणि राहून गेलं.

तो टेबलाखाली वाकला. एक डबी लुकलुकत होती, तिलाही कुलूप. दुसरीची वायर मात्र नुसतीच लोंबत होती.

"दुसरी कुठंय?"

दारात किटली घेऊन कस्तुराबाई उभ्या होत्या. कारखान्याची झाडलोट अन् चहापाणी त्यांच्याकडे. "ती व्हय? ती पूजेला लावलीया मी. काल सकाळीच."

काल खंडेनवमी. हत्यारं पाटावर मांडताना बाईंनी ऑफिसातली ही डबीही आणून ठेवली, तेव्हा अर्जुनराव हसले होते, की मावशी, आता किटलीपण मांडा. आज कुणी हसलं नाही.

"ड्रॉइंग न्हाई तर मशीन कापणार काय?" बाई म्हणाल्या. "मंग ते बी हत्यारच की."

आत मशीन-शॉपमध्ये, पान्यांच्या आणि मोजमापाच्या व्हर्निअरच्या मधे, झेंडूखाली डबी होती. रविराजनं झडप घालायला हात पुढे केला तो बाईंनी अडवला. उत्तरपूजा झाल्याबिगर हत्यार उचलायचं नसतं. अर्जुनराव खेकसणारच होते, पण रविराजनं त्यांना खुणेनं थांबवलं. बाईंनी अक्षता वाहिल्या, डबी जागची हलवली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या आणि मग ती त्याच्या ओंजळीत दिली.

त्यानं ती स्वतःच्या लॅपटॉपला लावली. या डब्यांतलं काही परत उघडतं का, हे त्यानं आजवर एकदाही तपासलं नव्हतं.

फोल्डर उघडलं. मग एक ड्रॉइंग. मग दुसरं. शेवटची नक्कल अष्टमीच्या संध्याकाळची.

अर्जुनराव वाकून पडद्यावरचं ड्रॉइंग पाहू लागले. मग म्हणाले, "तू डब्या देतानाच सांगितलं व्हतंस रविराज, आमच्या टाळक्यात शिरलं न्हाई. आता दर शनिवारी आमच्यात नवमी. एक डबी काढून पाटावर. पुढल्या शनिवारी मावशी ती उतरवतील, तवा दुसरी पाटावर."

"आणि महिन्यातून एकदा मी ती उघडून बघणार," रविराज म्हणाला. "ते माझ्याकडं लागलं."

डबीच्या कडेला कुंकू लागलं होतं. पुसायला त्यानं रुमाल काढला, आणि तसाच खिशात परत ठेवला.

तर मंडळी, आता टाळ उचला. बुवा येतीलच. पुढल्या नवमीला हत्यारांना हळदकुंकू लावाल, तेव्हा चिमूटभर कस्तुराबाईंच्या नावानं वाहा. दर शनिवारी त्या पाट पुसतात.