चिमणीचं सामान

चौथा नट काही केल्या हलेना. ताईने तो तापवून लाल केला, घण घातला, चार शिव्याही घातल्या. पण गंजाने त्याला असा धरला होता की काही उपयोग नव्हता.

"कापावाच लागणार," ती ट्रकखालून ओरडली. "ग्राइंडर दे. आणि डोळे सांभाळ."

धाकट्या भावाने ग्राइंडर पुढे केला. ट्रक त्याचा, गॅरेज ताईचं. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं ती एकटीच ते चालवत होती. पण या ट्रकची मागची बाजू पाहून तिनेही कपाळाला हात लावला होता. दोन वर्षं तो उघड्यावर उभा होता. स्प्रिंगचे पाटे एकमेकांना चिकटून बसले होते, डावीकडचा मुख्य पाटा तडकला होता, आणि पाटे जिथे चॅसीला अडकतात त्या ब्रॅकेटच्या नुसत्या नखाने खपल्या निघत होत्या.

"एका दिवसापुरता दुसऱ्याचा ट्रक घे ना," ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

"नको. ती म्हणाली, सामान तुझ्याच गाडीतून जाऊ दे. तुझ्या हाताचा भरवसा वाटतो."

तो फोन आल्याचं ऐकल्यापासून ताईचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चिमणीचा फोन! तीन वर्षांनी! रविवारी सामान न्यायचंय, एवढंच धाकट्याने सांगितलं आणि ताईचे डोळे भरून आले.

चिमणी त्याची बायको. बारीक चणीची, अखंड बडबड करणारी, म्हणून ताईनेच ठेवलेलं नाव. तेव्हा धाकटा महिन्यातले पंचवीस दिवस रस्त्यावर असायचा. एकदा ती ताईच्या गळ्यात पडून रडली. भिंतींशी बोलून बोलून जीव उबगला म्हणाली. ताई कामाच्या घाईत होती. "ड्रायव्हरशी लग्न केलंस ना? मग आता रडतेस कशाला?" असं ती बोलून गेली. पुढच्याच आठवड्यात चिमणीने घर सोडलं. वर्षभराने कागदांवर सह्या झाल्या. धाकट्याने ट्रक उभा केला तो केलाच आणि एका गोदामात नोकरी धरली. आता तो रोज संध्याकाळी सहाला घरी असे. कुणासाठी, हे ताईने त्याला कधी विचारलं नाही. आपले ते शब्द मात्र तिला रोज आठवत.

नट तुटून खाली पडला. ताई सरपटत बाहेर आली.

"कागदाचं काय एवढं," कपाळावरचा घाम पुसत ती म्हणाली. "सह्या काय, पुन्हा करता येतात."

धाकट्याने मान वर न करता खाली पडलेला नट उचलून डब्यात टाकला. नव्या नवरदेवासारखा लाजतोय, ताईला हसू आलं.

पाच दिवस दोघं खपले. पाटे सुटे केले, तारेच्या ब्रशने घासले, तडकलेला बदलला. नवे ब्रॅकेट बसले, नवे बुश बसले, पिनांना ग्रीस भरलं. गाडी चाकांवर उतरवल्यावर ताईने सगळे बोल्ट पुन्हा आवळले. धाकट्याचं तरी समाधान होईना. तो परत परत खाली वाकून बघे.

"काचेचं कपाट आहे, ताई. तिच्या आईचं. एकही दणका बसता कामा नये."

"अरे, भरलेला पेला ठेव मागे. थेंब सांडला तर सांग!"

शनिवारी ताईने त्याच्या घराचा ताबा घेतला. जळमटं काढली, स्वयंपाकघराचा ओटा घासला, खिडक्यांना नवे पिवळे पडदे लावले.

"कशाला गं एवढं? राहू दे ना," धाकटा म्हणाला.

"तू गप रे. बाईला घराची दशा उंबऱ्यातूनच कळते."

त्याने पडद्याला हात लावून पाहिला. मग म्हणाला, "छान आहेत. तिला आवडले असते."

"असते काय, आवडतील म्हण! वेंधळा कुठला."

रविवारी ताईही सोबत निघाली. सामानाला हात लावायला, आणि मुख्य म्हणजे एकदा समोरासमोर बोलायला. गाडी खड्ड्यांतूनही अशी अलगद चालली की ताईची छाती अभिमानाने फुगली.

चिमणीने सगळं सामान पायऱ्यांवर काढून ठेवलं होतं. केस आखूड कापले होते, चेहरा भरला होता. ताई खाली उतरली आणि पाठ केलेलं सगळं विसरली.

"चिमणे, त्या दिवशी मी तुला नको ते बोलले..."

चिमणीने तिला मिठीच मारली. "ताई, ते मी कधीच विसरले. आता कुणावर राग नाही माझा."

तीन वर्षांनी ताईच्या जिवात जीव आला. मग तिने पदर खोचला आणि खोक्यांना हात घातला. कपाटाला गोधड्या गुंडाळल्या. एक बाजू धाकट्याने धरली, दुसरी एका उंच माणसाने. शेजारी असावा, चांगला होता बिचारा, सकाळपासून राबत होता म्हणे. दोर धाकट्याने कुणालाच बांधू दिले नाहीत. एकेक गाठ त्याने स्वतः ओढून पाहिली.

सगळं झाल्यावर ताई केबिनमध्ये चढली, दाराकडे सरकली आणि मधली, धाकट्याच्या शेजारची जागा हाताने झटकली. "ये गं चिमणे, चढ लवकर."

चिमणी खालीच उभी राहिली. धाकटा दारापाशी आला.

"ताई, तू मागे बस ना सामानाजवळ," तो हळूच म्हणाला. मग त्या उंच माणसाकडे वळून त्याने दार पूर्ण उघडून धरलं. "या, तुम्ही दोघं पुढे बसा. तुमच्या घराचा रस्ता मला माहीत नाही."