सरकारी चुना

"पांढऱ्या भिंतीला बाई, देते चुन्याचा हात, घरचं दुखणं माझं, राहू दे घरात." आईची ती जुनी ओवी चार दिवस मैनाच्या कानात घुमत होती.

साथ आल्यापासून गावातल्या दर्शनी भिंतींना सरकारी चुना होता. आजारी माणसाचा श्वास लागला की तो निळा पडे, आणि त्या माणसाला शाळेतल्या दवाखान्यात नेत. तिथून अजून कुणी परतलं नव्हतं. म्हणून मैनाने आपल्या निळ्या पडलेल्या भिंतीवर गुपचूप साधा चुना फासला होता.

"तुझी भिंत कशी दुधासारखी!" भिंती तपासत फिरणारी आशा सेविका प्रमिला रोजच्यासारखी तिच्या ओट्यावर चहा पीत म्हणाली. "घरी पोरी चिडवतात, आज पण मैनाकाकूचा चहा का म्हणून."

मग ती शेजारच्या भिंतीवर गेरूने तपासणीची तारीख घालायला वाकली. तिच्या तोंडासमोरचा चुना हळूहळू निळा होत गेला.

"अगं बाई! हे घर तर दिवाळीपासून बंद आहे. आत कोण श्वास घेतंय?"

मैनाने हातातली कपबशी ओट्यावर ठेवली.

"आत कुणी नाही, ताई. तो तुमचाच श्वास आहे. आमचे हे चार दिवस घरात तापाने फणफणलेत."