अवेळी तुडवलेला कांदा

कुनिगुंडचा आवाज त्या दुपारी बाम्बर्गमधल्या सगळ्या घंटांना भारी पडत होता. टेकडीवरच्या मठाच्या बागेत, अगदी वरच्या टप्प्यावर, तिचा कांदा कोणीतरी तुडवत होतं.

तुडवण्याला तिची हरकत नव्हती. पायांना फळ्या बांधून कांद्याची पात तुडवायची आणि कांदा पोसायचा, ही तर गावाची रीतच. पण ती ऑगस्टात. जूनमध्ये तुडवला, तर कांदा लसणाएवढाच राहतो.

"फळ्यांचे ठसे तुझेच, बाल्टाझार!" ती शेजारच्या वाफ्यातल्या माळ्यावर कडाडली. "माझं पीक बुडालं की मठवाले हा वाफा तुलाच देणार ना?"

"अगं बये, गुडघ्यांपायी मी देवळाच्या पायऱ्या चढत नाही. तुझ्या वाफ्यात नाचू कसा?"

एवढ्यात वाफ्याच्या टोकाला पात आडवी झाली. वारा नव्हता. मातीत फळीचा ठसा उमटला, मग दुसरा, सराईत माळ्याच्या सावकाश चालीने, त्यांच्याच दिशेने.

बाल्टाझारने छातीवर क्रुसाची खूण केली. कुनिगुंड मात्र तरातरा वाफ्यात शिरली आणि ओळ अडवून उभी राहिली.

"मेल्या, एवढी खाज असेल तर आधी मला तुडव!"

ठसे तिच्या बुटांपाशी आले. पुढचा ठसा तिच्या टाचांमागे उमटला.

तिला काहीच झालं नाही. ती तोऱ्यात बाल्टाझारकडे वळली. तो हातभर अंतरावर उभा होता आणि तिच्या आरपार खालच्या शहराकडे बघत होता.

"आता लपतेस कुठं, भवाने?" तो संतापाने ओरडला. "बाहेर ये!"