खारीचं उत्तर

"खारे, खरं सांग, तुला आमच्याकडे राहायचंय का?"

सोमवारच्या आधी हे विचारून दाखवच, अशी नववीतल्या मैत्रिणींनी ऋजुताला पैज घातली होती. पठ्ठीने दप्तरही न उतरवता विचारून टाकलं. सोमवारी मांजरं दत्तक देणाऱ्या संस्थेच्या बाई येऊन हेच विचारणार होत्या. खारी नावाचं हे मांजराचं पिल्लू नाही म्हणालं तर ते परत जाणार. मांजराच्या मनातलं बोलणारे गळपट्टे आल्यापासून नियमच होता तसा.

गळपट्ट्यातून बारीक आवाज आला, "वाळूने शिंका येतात. भूक लागलीय."

ऋजुताचा चेहराच उतरला. खारीच्या शी-शूसाठी गुलाबाच्या वासाची वाळू तिनेच हौसेने निवडली होती. घर शाकाहारी, म्हणून खाऊही सोयाबीनचा.

"मग काय हवंय गं तुला?"

"माती. मासा." खारीने सावकाश पंजा चाटला. "तू चालशील."

ऋजुता उड्या मारतच स्वयंपाकघरात शिरली.

"आई, बाबा, ऐका! बाल्कनीतल्या दोन कुंड्या आता खारीच्या. आणि उद्यापासून या घरात बांगडा येणार. उकडणार मी, भांडं वेगळं. तुम्ही फक्त नाक दाबून बसा!"