समेटाचा क्रूस

श्विदनित्साच्या वेशीबाहेर सगळं गाव जमलं होतं. लोरेंझच्या प्रेताशेजारी यशेक लाकूडतोड्याची कुऱ्हाड सापडली होती. नाही म्हटलं असतं तर फास ठरलेला, कबूल केलं तर समेटावर सुटका, म्हणून यशेकने मुकाट्याने खून कबूल केला आणि रिवाजाप्रमाणे स्वतःच्या हाताने दगडी क्रूस घडवून त्यावर ते हत्यार कोरलं. आता मयताच्या भावाने खुन्याला मिठी मारली की वैर मिटणार होतं.

पण लोरेंझच्या भावाचे, हेन्सेलचे, पाय जागचे हलेनात.

"लटलट कापतोस काय रे?" त्याची म्हातारी आई कडाडली. "गेला तो तुझा सख्खा भाऊ होता. मार मिठी, अन् मिटव हे एकदाचं!"

"घाबरू नकोस, बाळ," पाद्रीबाबा म्हणाले. "त्याच्या हातात आता काही नाही."

हेन्सेल डोळे मिटून पुढे झाला. यशेकने त्याला छातीशी घट्ट धरलं आणि तोंड त्याच्या कानाशी नेलं.



"कुऱ्हाड माझी होती, ती मी कोरली. हात तुझा होता, हेन्सेल. त्याच्यासाठी क्रुसाची मागची बाजू कोरी ठेवलीय."