सोनाळ्याची पाटी

नववीच्या ग्राफिक डिझाइनच्या तासाला सरांनी काम दिलं, न वाचताही कळेल अशी पाटी करा. प्राचीनं आपल्या गावच्या, सोनाळ्याच्या एसटीची पाटी घेतली. तिच्या मायला वाचता येत नव्हतं, आणि खामगावच्या स्टँडवर गाडी विचारायची तिला लाज वाटायची.

सोनाळ्याची संत्री नावाजलेली, म्हणून घरी प्राचीनं नावाशेजारी संत्रं काढलं.

"हे कायले वं?" माय म्हणाली. "मी ओळखतो ना सोनाळा. शेवटी दोन डोळे असतात."

प्राची बघतच राहिली. 'ळ' खरंच डोळ्यांची जोडी होता.

"पन माय, मोताळ्यालेही डोळे हायेत."

"म्हनून त दिवाळीत मोताळ्याले पोचली मी!" मायला हसू आवरेना.

दुपारी प्राचीला डुलकी लागली. स्वप्नात स्टँडवर गाड्याच गाड्या उभ्या होत्या. सगळ्यांचे डोळे रिकामे. एकच गाडी गर्दीत मायला शोधत होती.

उठून तिनं संत्रं खोडलं आणि सोनाळ्याच्या 'ळ'मध्ये दोन काळी बुबुळं काढली. शेजारी मोताळ्याची साधी पाटी ठेवली.

"आता आपली कोनती?"

कुणी समोर यावं तसा मायनं पदर सारखा केला. "जे माह्याकडे पाहून राह्यली, थे."